पहिल्या क्रमांकाचं शौचालय

मोळी वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. ढाल मिळाली, शाल मिळाली, फोटोही निघाला. पण ते राहू द्या. असं काही झालंच नाही, असं धरून चला. भार्गवीबाई सध्या तसंच धरून चालल्यात.

मोळी वस्ती नगरच्या बाह्यवळण रस्त्याला चिकटून आहे. ऊसतोडीहून परतताना कुणी खर्ड्याकडची, कुणी कर्जतकडची माणसं इथं टेकली ती टेकलीच. शाळा रस्त्याच्या पलीकडे. मधे उसाच्या ट्रॉल्या, कंटेनर आणि उलट्या बाजूनं येऊन वर आपल्यालाच शिव्या देणाऱ्या जीपगाड्या. पोरांना पलीकडे धाडायची कुणा आईची छाती होत नव्हती. म्हणून भार्गवीबाईंनी अलीकडेच बाभळीखाली वर्ग सुरू केला. एका शेळीनं मराठीचं पुस्तक खाल्लं, मग गणिताचं. विज्ञानाला तिनं तोंड लावलं नाही.

तेव्हा वस्तीतल्या गोजरबाईंनी त्यांना ती इमारत दाखवली. पक्कं बांधकाम तेवढंच. एका अंगाला बायकांच्या चार खोल्या, दुसऱ्या अंगाला पुरुषांच्या चार. फरशी, कड्या, झरोके, सगळं जागच्या जागी. फक्त नळाला पाणी नव्हतं, खाली पाईप नव्हता आणि उद्घाटन झालेलं नव्हतं. कुणी बांधलं ते बोर्डावर लिहिलेलं होतं म्हणतात. तो बोर्ड आता कुणाच्या तरी छपरावर होता. वस्ती आपली ओढ्याकडेच जात होती.

"कोरं हाय बाई, एकबी मानूस बसल्यालं न्हाई," गोजरबाई नवा फ्लॅट दाखवावा तशा म्हणाल्या. "हवाबी लई खेळती हाय."

भार्गवीबाईंनी तोंडाला पदर लावला. मग आत डोकावल्या. मग पदर काढला.

संडासाच्या भांड्यांवर शहाबादी फरश्या टाकल्या. दारांना आतून काळा रंग दिला; दार लावलं की समोर फळा. पहिली-दुसरी बायकांकडे, तिसरी-चौथी पुरुषांकडे. चपला बाहेर. गोजरबाई रोज दारात रांगोळी घालायच्या, उदबत्ती लावायच्या. तिसरीतल्या धनश्रीला मामानं विचारलं, "कितवीला गं तू?" ती म्हणाली, "तिसरीला. पुरुषांच्यात, कोपऱ्यातली." मामानं हातातला चहा खाली ठेवला. पण हीच धनश्री आधी बोटं मोजायची आणि बोटं संपली की थांबायची. आता एकोणीसचा पाढा उलटा म्हणून दाखवत होती. ही जागा गेली की पोरं पुन्हा शेळीच्या ताब्यात, हे भार्गवीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

आणि एके दिवशी पाढे चालू असताना स्वच्छता पाहणीची गाडी वस्तीत शिरली.

बाईंच्या हातातला खडू गळून पडला. संडासात शाळा भरते हे साहेबांनी पाहिलं तर कुलूपच. अशा वेळी बी.एड. झालेल्या बाईला जे सुचायला नको, नेमकं तेच त्यांना सुचलं.

"दप्तरं वरच्या टाकीत टाका! फरश्या काढा! दारं उघडून भिंतीला टेकवा, फळे दिसता कामा नयेत! आणि घरनं टमरेलं आणा, रांग लावा!"

पोरांनी कवायतीच्या शिस्तीत रांग लावली. उंचीप्रमाणे.

पाहणीला आलेले रविकांत साहेब नाकाला रुमाल लावूनच गाडीतून उतरले. दाराशी येऊन त्यांनी रुमाल काढला, हुंगलं, परत हुंगलं. उदबत्ती. रांगोळी ओलांडताना त्यांनी बूट काढले.

"हे... वापरात आहे?"

"व्हय साहेब!" पोरं एका सुरात ओरडली.

"पारनेरपासून संडास बघत फिरतोय मॅडम," साहेब भार्गवीबाईंना म्हणाले. "डोळ्यांत पाणी रोज येतं. आनंदानं आज आलं." मग ते धनश्रीपुढे वाकले. "बाळ, तू रोज येतेस?"

"रोज. धापासून एकपर्यंत."

"तीन तास?"

"रविवारी बंद असतंय," धनश्री हळहळली. "त्या दिशी लई वंगाळ वाटतं."

साहेबांनी खाली बसून घेतलं.

पुढचं झालंच नाही असं धरायचं ठरलंय, पण बक्षिसात काय होतं ते सांगायलाच हवं. ढाल आणि शालीबरोबर नळजोडणी होती, पाईप होता, आणि उद्घाटन होतं. स्टेजवर साहेबांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ढाल भार्गवीबाईंच्याच हातात होती. फोटोत त्यांचं तोंड उघडं आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, बाई हरखल्या.

काम मात्र झपाट्यानं झालं. दारांना आतून निळा रंग लागला, त्याखाली एकोणीसचा पाढा गेला. पाणी आलं तेव्हा गोजरबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं आणि कितीतरी वेळ धारेखाली हात धरून उभ्या राहिल्या.

"आता वड्याचा उतार उतराया नको, बाई. पावसात दोनदा पडले मी तिथं. तुमचं तोंड बगून वाईट वाटतंय, अन मला लई बरंबी वाटतंय. काय करू सांगा?"

"तुम्ही काही करू नका, मावशी. चुकीचं काहीच झालं नाही."

तीच तर पंचाईत होती. चुकीचं काही झालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पोरं दप्तरं घेऊन आली आणि सवयीनं रांगेत उभी राहिली. पुढं खरी रांग होती. धनश्रीनं कोपऱ्यातल्या दारावर टकटक केली.

"काका, आमची तिसरी हाय आत!"

"अगं, बसू दे की सुखानं!" आतून आवाज आला. "आजच तर सुरू झालंय!"

पोरं बाभळीखाली गेली. शेळी तिथंच होती. ती उठून उभी राहिली.

भार्गवीबाई ढाल काखेत मारून तडक साहेबांच्या कार्यालयात गेल्या. वर्गापुरती एक खोली द्या म्हणाल्या. कारकून सभ्य होता. त्यानं नकाशा उलगडून दाखवला. वस्तीत शाळेसाठी जागाच राखीव नव्हती. शौचालयासाठी मात्र आणखी एक होती.

बाईंनी नकाशावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यांनी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला:

"महोदय, मोळी वस्तीची लोकसंख्या व विद्यार्थ्यांची वाढती गरज पाहता, राखीव जागेवर दुसरे सार्वजनिक शौचालय तातडीने बांधून मिळावे. मात्र सदर शौचालयास नळजोडणी देऊ नये, पाईप टाकू नये, तसेच त्याचे उद्घाटन विद्यार्थी दहावी उत्तीर्ण होईपर्यंत कोणत्याही मान्यवरांच्या हस्ते होऊ नये, व दारांना आतून काळा रंग कार्यालयीन खर्चाने देण्यात यावा, ही नम्र विनंती."