श्रावणातला लसूण

पुंडलिक वस्तादाला कुणी बस म्हटलं नव्हतं. तरी तो चिखलाच्या पायांनी सोप्यावर चढला, नागोबासाठी सकाळीच सारवलेल्या जमिनीवर पावलांचे ठसे उमटवले आणि यशवंत बसायचा त्या घोंगडीवर ऐसपैस मांडी घालून बसला. वर पाणी मागितलं. पाणी घेऊन केशर आली तर हात मागे घेऊन म्हणाला, "हिच्या हातचं नको, तुळजाक्का. आज आखाड्याची पूजा करायची हाय मला."

तुळजाने सुनेच्या हातातला तांब्या घेतला, त्यातलं पाणी अंगणात भिरकावलं आणि रिकामा तांब्या वस्तादासमोर आपटला.

"घे. कुणाच्याच हातचं न्हाई हे."

वस्ताद हसला. सुप्याच्या सगळ्या मुलखात त्याच्यावर हसायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तोच सगळ्यांवर हसत असे. चुरगळलेले कान, मानेवर वळ्या, पन्नाशी उलटून गेली तरी दंड टणक.

"जीभ हाय का कोयता, आक्का? बरं, ऐका. यशवंताचा लंगोट काढून ठेवा. दुपारी मारुतीपुढं मांडायचा. लखूचा पुतळीनं कालच दिलाय. आनि परशूला म्हणावं, पोटाला तड लागंस्तवर जेवू नको. औंदा गदा त्येच्या खांद्यावर द्यायची हाय."

"म्हंजे पुढच्या साली त्येचाबी लंगोट मागायला येशील?"

वस्तादाचं हसू मावळलं. "ताकद म्हंजे इस्तू हाय, आक्का. सांभाळली तर दिवा लागतोय, न्हाईतर घर जळतंय. लखूनं सांभाळली न्हाई, यशवंतानं न्हाई. बाईच्या वाऱ्याला गेला की पैलवान सरला. त्याला मी काय करू?" हे त्याने आतल्या दाराकडे तोंड करून, केशरला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं आणि निघून गेला. घोंगडीवर त्याच्या ओल्या धोतराचा डाग राहिला. तुळजाने ती घोंगडी उचलून तशीच पावसात टाकली.

यशवंत गेल्यापासून तो असंच बोलत आला होता. आधी पुतळीचा लेक लखू गेला. कुंभारवाडा गावाकडच्या रानातला पोर, भाताचे भारे डोक्यावर घेऊन घाट चढणारा. वस्तादाने त्याला उचलून सुप्याच्या तालमीत आणलं आणि पाहता पाहता त्याचा मल्ल केला. तो मातीआड झाला तेव्हा मिशी पुरती फुटली नव्हती. मग तुळजाचा थोरला, यशवंत. दिल्लीत बादशहाचा दरबार भरला त्या साली यशवंताने खानापूरच्या जत्रेत बेळगावचा नावाजलेला मल्ल चीत केला होता. काळी नदीवर तो आंघोळीला उतरला की लाकडाच्या गाड्या काठावर थांबत. जंगल खात्याचा एक साहेब तर घोड्यावरून उतरून बघत उभा राहिला होता. जो सागाचा ओंडका ओढताना बैलांच्या तोंडाला फेस येई, त्याचं एक टोक यशवंत एकट्याने उचलून गाडीवर ठेवी. तुळजाला त्या देहाचा गर्व होता आणि तो ती कधी लपवत नसे. "काय बघताय गं डोळं फाडून? स्वतःचं निपजवा की!" म्हणून विहिरीवरच्या बायकांना दम भरी.

मग एका पावसाळ्यात त्याच्या तळपायांची आग व्हायला लागली. पुढे आग थांबली आणि पायच परके झाले. एकदा चुलीतला निखारा पायाखाली आला, तर चामडी करपल्याचा वास सुटेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तशी पाठ ठिपक्याठिपक्यांची झाली. अन्न पोटात ठरेना. गाव ज्याला बघायला थांबायचं, त्याला केशर लहान पोरासारखी उचलून बसवी.

आणि चिता विझायच्या आत वस्तादाने निकाल देऊन टाकला होता. लंगोट सुटला! लग्नानंतर पैलवानाने तालमीत निजायचं सोडून घरी निजायला सुरुवात केली, म्हणून गेला. गावाला ते पटलं, कारण त्यात गावाचं काही जात नव्हतं. जात होतं ते एका पोरीचं. नव्या पैलवानांच्या आया केशर दिसली की पोरांना पदराआड ओढत. दर नागपंचमीला तालमीत लखूचा आणि यशवंताचा लंगोट मारुतीपुढे मांडायचा, वस्तादाने त्यांच्या कुस्त्या सांगायच्या, रडायचं आणि शेवटी पोरांना बजावायचं, बाबांनो, बाईपासून लांब रहा. त्या दिवशी केशरने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

तुळजा आत आली तेव्हा केशर हळदीच्या पानांवर पीठ थापत होती. नागपंचमीला तवा चुलीवर चढत नाही, चिरायचं नाही, भाजायचं नाही, भुई खणायची नाही. उकडलेल्या पातोळ्या तेवढ्या करायच्या.

"ऐकलंस न्हवं त्येचं? मग जीभ कुठं गेली हुती तुझी?"

"माझ्या बोलण्यानं काय हुतंय, आत्त्या."

"न बोलण्यानं काय झालं ते बघतीयाच की."

तेवढ्यात परशू आला. तुळजाचा धाकटा. गेल्या दिवाळीत काठीसारखा होता. आता दारातून येताना खांदा तिरका करावा लागत होता, गाल लाल, कातडीवर तुकतुकी. तो आईच्या पाया पडला. उठताना त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ आलं आणि तुळजाने खाडकन् त्याच्या कानाखाली ठेवून दिली.

"श्रावणात लसूण खातोस, मेल्या? सणादिवशी? नागोबाच्या पूजेला ह्या तोंडानं बसणार व्हय?"

"लसूण कुठला? आये, शपथ, न्हाई खाल्ला!"

"मग वास कशाचा येतोय? चाफ्याचा?"

"आत्त्या," केशर मागून म्हणाली, "लसूण न्हाई तो." तिच्या हातातलं हळदीचं पान खाली पडलं होतं. "ह्यांच्याबी तोंडाला असाच यायचा. शेवटच्या पावसाळ्यात. सोमवारीबी, एकादशीलाबी. घरात पाकळी नसायची, तरी यायचा."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

केशरने पडलेलं पान उचललं. चुलीवरच्या भांड्यातून हळदीच्या पानांची वाफ येत होती. "काय सांगणार हुते? नवऱ्याच्या तोंडाचा वास तुला कसा ठावं, असं कुणी इचारलं असतं म्हंजे?"

तुळजा चुलीपाशी टेकली. पोरगी सांगणार कुणाला होती? ज्या जवळिकीचा सगळं गाव तिच्यावर आळ घेत होतं, त्याच जवळिकीत तिला ते कळलं होतं. सांगायला तोंड उघडलं असतं तर आधी तिचाच गुन्हा शाबीत झाला असता.

मग तुळजाने परशूचा हात ओढून उलटा केला. तळव्यावर काळे, टणक दाणे उठले होते. गदेचे घट्टे बोटांच्या मुळाशी पडतात. हे दाणे मधोमध होते. यशवंताच्या तळव्यावर असलेच दाणे तिने रोज तेल लावून चोळले होते.

"वस्ताद काय खायला देतोय तुला?"

"कुठं काय..."

"परशू, दुसरी थोबाडीत पहिलीसारखी नसंल."

परशूने कमरेला खोचलेली पानाची पुडी काढली. आत लिंबाएवढा लोण्याचा गोळा. "आखाड्यात उतरायच्या आधी खायाचा. एका बैराग्याची विद्या हाय. कुणाला सांगितलं तर ताकद उतरती, अशी शपथ घातलीया त्येनी. लखूदादा, यशवंतदादा दोघंबी खायाचे. आये, बघ की अंग कसं भरलंय माझं!"

तुळजाने नखाने लोणी उकललं. आत पांढरी पूड होती. तिने चिमूटभर निखाऱ्यावर टाकली. पांढरा धूर उठला आणि श्रावणातल्या त्या सोवळ्या स्वयंपाकघरात लसणाचा वास भरून राहिला. हा धूर तिच्या ओळखीचा होता. बाजारातल्या वाण्याने वखारीतल्या उंदरांसाठी आणलेलं औषध उरलं म्हणून एकदा शेकोटीत टाकलं, तेव्हा सगळी पेठ अशीच घमघमली होती.

"सोमल," ती म्हणाली. "उंदराला घालतात त्यो सोमल." परशूच्या अंगावरचं तेज तिला दिसत होतं तसंच दिसत होतं, पण आता त्याकडे बघवेना. तिने पुडी पुन्हा बांधली. "केशर, पदर घे. चल."

"मी? आज?"

"आजच."

तालमीच्या कौलांवर पाऊस आदळत होता. नागपंचमीला भुई खणायची नाही, म्हणून आखाडा आदल्या दिवशीच उकरून ठेवला होता. तांबड्या मातीला तेलाचा, हळदीचा, ताकाचा वास येत होता. मारुतीपुढच्या पाटावर लखूचा लंगोट एकटाच पडला होता. पुरुष दाटीने बसले होते, बायका बाहेर गजांना धरून भिजत होत्या. त्यात पुतळीही होती. परशू आईच्या पुढे धावत येऊन कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला होता.

वस्ताद लखूची कुस्ती सांगत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते रडणं खोटं नव्हतं. तुळजाला तेच जास्त झोंबलं.

ती केशरचा हात धरून उंबरा ओलांडून आत आली. गलका उठला. "आक्का, बायकांनी आत यायचं न्हाई!"

"उंबरा तुमचा. लेक माझा," म्हणून ती थेट आखाड्याच्या काठावर गेली. केशरला तिने शेजारी उभं केलं. सगळ्यांना नीट दिसावी अशी.

"काय झालं, आक्का?" वस्तादाने डोळे पुसले. "लंगोट आणला न्हाई?"

"आणला की. पण आधी हे. परशूचं लोणी खायाचं राहिलं हुतं." तिने पुडी उघडून तळहातावर धरली.

वस्ताद दचकला. "ते... ते असं दाखवायचं न्हाई. पैलवानाचं औषध हाय ते."

"पैलवानाचंच. म्हणून इचारते, तुझा लाडू काय कमी हाय? दाराएवढा वाढलाय. त्येला का न्हाई घातलंस कवा?"

ढोलकीजवळ बसलेला लाडू, वस्तादाचा एकुलता एक मुलगा, ओशाळून हसला. बापाने त्याला कधी मातीत उतरू दिलं नव्हतं. लाकडाच्या वखारीवर मुनीम म्हणून चिकटवला होता.

"ये बाळा," तुळजा म्हणाली. "तुझ्या बाच्या हातचं हाय. लखूनं खाल्लं, माझ्या यशवंतानं खाल्लं."

"द्या की आक्का! आमास्नी बा नुसत्या ताकावर ठेवतोय," असं म्हणत लाडू उठला आणि लोकांना हसवत त्याने हात पुढे केला. तुळजाचा अंगठा पानावर घट्ट दाबलेला होता. पोराने ओढलं असतं तरी तिने सोडलं नसतं. ती लाडूकडे बघतच नव्हती.

वस्तादाने झेप घेतली. ज्या चपळाईने तो ऐन उमेदीत कुस्तीत पट काढायचा, त्या चपळाईने त्याचा पंजा येऊन दोघांच्या हातांवर आदळला. लोणी उडून तांबड्या मातीत पडलं.

लाडू मनगट धरून बापाकडे बघत होता. "बा?" तो म्हणाला. "बा, काय हाय त्यात?"

"थोडं दिलं तर सोसतं," वस्ताद पुटपुटला. "ज्याला सोसतं त्याला..."

गजाबाहेरच्या बायकांतून वाट काढत पुतळी आत आली. कुणाकडे न बघता पाटावरचा लखूचा लंगोट तिने उचलला, छातीशी धरला आणि आली तशी गेली.

तुळजाने कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"आक्का, नागपंचमी हाय!" कुणीतरी ओरडलं. "भुई खणू नका! नागाला लागंल!"

"लागू दे. नाग बरा रं. चावायच्या आधी फणा तरी काढतोय."

लोणी पडलं होतं तिथेच, आखाड्याच्या मधोमध, तिने पहिला घाव घातला. कोंबडं-कुत्रं तोंड घालणार नाही इतकं खोल ते जायला हवं होतं. दोनतीन घावांत तिला धाप लागली. तेव्हा परशू मातीत उतरला. पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो, तशी त्याने लावली नाही. आईच्या हातातली कुदळ घेऊन तो खणू लागला. एकेक करून माणसं उठली आणि माना खाली घालून पावसात निघून गेली.

खड्डा बुजवून झाल्यावर तुळजाने कनवटीचा यशवंताचा लंगोट काढला. मारुतीपुढचा पाट रिकामा होता. तिने तिकडे पाहिलंही नाही. लंगोट नीट घडी करून केशरच्या हातात दिला. केशरने तो सगळ्यांदेखत तोंडाशी नेला.

वस्ताद आखाड्याच्या काठावर बसून होता. गुडघे जवळ घेतलेले, कपाळावर चिखल. तुळजा त्याच्यापुढे उभी राहिली. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही.

"पुंडल्या, ऐक. माझा लेक बायकोजवळ गेला म्हणून मेला न्हाई. तेवढ्याच राती त्यो जगला. बाकीचे सगळे दिस तू खाल्लेस."