इस्तारीची वाढणारी किडनी

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी बोरटोल्यात उभं राहायला जागा नसते. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, जावयांची सरबराई चाललेली असते आणि रात्रीच्या नाटकाचा मंडप दुपारीच उभा होऊन बसतो. ब्रह्मपुरीच्या कॉलेजवाल्यांनी नेमका हाच मंडप हेरला. नाटक रात्रीच आहे, मग दिवसा तो रिकामा कशाला ठेवा, म्हणून त्यांनी तिथं वादसभा ठेवली. विषय कापडी फलकावर रंगवून टांगला: माणसाचे अवयव प्रयोगशाळेत वाढवावेत का? फलकाच्या खालीच भज्यांची कढई पेटली होती, त्यामुळे विषय कोणाला कळो न कळो, गर्दी चांगली जमली.

विषयाच्या बाजूनं रीता बोलणार होती. रीता याच गावची, मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातली. आता ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. विरोधात बोलायला वरोऱ्याहून इंदुताई आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आणि आवाज असा, की माईक नसता तरी तलावापलीकडे ऐकू गेला असता.

पहिल्या रांगेत रीताचा मोठा भाऊ इस्तारी बसला होता. डाव्या हातावर दुपट्टा टाकून. त्या दुपट्ट्याखाली डायलिसिसची फुगलेली शीर होती, आणि ती बघून लोक हळहळतात हे त्याला आवडत नसे. बाप लवकर गेल्यावर रीताला त्यानंच वाढवलं. मासोळीच्या टोपलीसोबत तिला सायकलवर बसवून तो बाजाराला न्यायचा, टोपली उतरवायचा आणि तिला शाळेत सोडायचा. वर्गातल्या पोरी नाकाला रुमाल लावत, पण रीता पहिली येई, आणि इस्तारी त्या निकालाचं पेढ्यांसकट वाटप करी. आज ती स्टेजवर आहे म्हटल्यावर त्यानं मशीनचा दिवस पुढे ढकलायचासुद्धा घाट घातला होता. गोकुळा वहिनीनं दटावलं म्हणून सकाळीच जाऊन आला.

रीताला मात्र तो समोर बसलेला नको होता. त्याचं कारण तिला एकटीला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी इस्तारीच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातलं कोणी देत असेल तर बघा, नाहीतर यादीत नाव लावून वाट पाहा. गोकुळा तिथंच पुढं झाली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. आई थकलेली. मग एक दिवस भांडी घासता घासता गोकुळानं विचारलं, "रीताबाई, तुमचं रगत कोणतं हो?"

रीताला आपला रक्तगट तोंडपाठ होता. दर वर्षी कॉलेजच्या शिबिरात ती रक्त देते. तिचा आणि इस्तारीचा गट एकच. तरी ती म्हणाली, "पाहावं लागंल, वैनी." एवढ्यावर वेळ मारून नेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण गोकुळाची नजर हलेना, तेव्हा घाईघाईनं तिनं पुढं जोडलं, "आणि आता तर किडनी प्रयोगशाळेतच तयार करून राह्यले. भाऊले कोणाची घ्यायची गरज बी पडणार नाई."

तिला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. टेबलाची, चाकूची, एकच उरली आणि तीही गेली तर आपल्या लेकीचं काय होईल याची. नवऱ्यावर ढकलावं तर तीही सोय नव्हती. सुरेंद्र सरळ म्हणाला होता, तुझं शरीर आहे, तू ठरव, मी सोबत आहे. इतका चांगला नवरा असला की माणसाची फार पंचाईत होते.

त्याच संध्याकाळी इस्तारीनं तिला खाटेजवळ बसवून विचारलं होतं, "ते कशी तयार करते वं किडनी?" रीतानं समजावलं. शरीरात काही मूळपेशी असतात. त्या पुढं काय होणार हे ठरलेलं नसतं. त्यांना नीट वाढवलं तर त्यांचं काळीज होईल, यकृत होईल, किडनी होईल. इस्तारीचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे जिरं," तो म्हणाला.

पावसाळ्यात मच्छीमार सोसायटी तलावात माशांची इवलीशी पिल्लं सोडते, त्यांना ढिवर जिरं म्हणतात. खरंच जिऱ्याएवढी असतात. त्यातलं रोहू कोणतं न् कतला कोणता, जुन्या ढिवरालाही तेव्हा सांगता येत नाही. त्यांची बोटाएवढी बोटुकली होतात, आणि पुढं जाळ्यात येतो तो मोठा मासा.

"हो भाऊ, जिऱ्यासारखंच," रीता म्हणाली. भावाला समजलं याचा तिला आनंद झाला, आणि त्यानं पुढं काही मागितलं नाही याचा त्याहून जास्त. त्यानंतर तो विषय घरात निघालाच नाही. निघाला नाही म्हणून ती सुटली असं नव्हे. दर वेळी माहेरी आली की इस्तारी तिच्यासाठी मासोळीचा मधला तुकडा वेगळा काढून ठेवी, आणि तो तिच्या घशाखाली उतरत नसे.

आता ती माईकसमोर उभी होती. बोलायला लागली की मात्र ती कोणाला ऐकत नाही. माणसाच्या कातडीतली पेशी घ्यायची, तिला मागं नेऊन मूळपेशी करायची, आणि तिच्यापासून हवा तो अवयव उगवायचा, हे तिनं इतकं रंगवून सांगितलं की भजी तळणारासुद्धा झारा धरून ऐकत राहिला. "आजच्या घडीला मसुराच्या डाळीएवढ्या किडन्या काचेच्या ताटलीत वाढल्या आहेत!" ती म्हणाली. त्या डाळीएवढ्या किडन्या माणसाचं रक्त गाळू शकत नाहीत, हे पुढचं वाक्य तिच्या कागदावर होतं. ते तिनं गाळलं. समोर इस्तारी मान डोलावत होता.

इंदुताई उठल्या. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग सभेकडे पाहिलं. "संशोधन होऊ द्या, माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण गर्भाच्या पेशी घ्यायच्या का, हे कोण ठरवणार? ज्याच्या पेशी घेतल्या त्याला विचारणार का? आणि झाली तयार किडनी, तर ती आधी कुठल्या पोटात जाणार? मुंबईच्या की बोरटोल्याच्या?" लोक हसले. इंदुताई हसल्या नाहीत. "माझं भांडण एका गोष्टीशी आहे. उद्याची किडनी दाखवून आजच्या रोग्याला घरी बसवू नका. ज्याला आज देता येते त्यानं आज द्यावी. उद्याच्या नावावर हात झटकू नयेत."

बाईंना रीताच्या घरचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी रीताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अशा वेळी खरं तर माणसानं गप्प राहावं. पण अपराधी माणसाला गप्प बसवत नाही, हीच तर रड आहे. तिनं माईक जवळजवळ ओढूनच घेतला.

"द्या म्हणणं सोपं आहे," ती म्हणाली. "पण कोणी द्यायची? नेहमी बायकोनं, आईनं, बहिणीनंच का? सख्ख्या माणसापुढं पदर पसरायची पाळीच कोणावर येऊ नये, यासाठी हे विज्ञान आहे!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. बायकांच्या बाजूनं तर शिट्टी आली. अध्यक्ष म्हणून बसवलेले प्राचार्य खूश झाले आणि म्हणाले, आता गावकऱ्यांपैकी कोणाला बोलायचं असेल त्यांनी यावं.

इस्तारी उठला.

तो सावकाश पायऱ्या चढला, दुपट्टा सावरला आणि माईकला हात न लावता वाकून बोलू लागला.

"मी इस्तारी. हे बोलून राह्यली ते माही बहीण हाय." लोक हसले. "माह्या दोन्ही किडन्या गेल्या, तुमाले मालूमच हाय. इंदुताई बाई, तुमी मोठ्या हा, पण एक सांगतो. मले कोणी घरी बसवलं नाई. माह्या बहिणीनं मले सारं समजावलं. ते पेशी म्हणजे आपलं जिरं. आज सोडलं तर आज मासोळी मागू नये, इतकं ढिवराले समजते. ज्या साली तिनं मले सांगितलं, त्या सालचं जिरं आता जाळ्यात येऊन राह्यलं. मंग किडनी बी येतच असंल."

रीता उठून उभी राहिली.

"मागच्या महिन्यात मले नागपूरहून फोन आला," इस्तारी पुढं म्हणाला. "यादीत नाव होतं ना माहं. माहा नंबर लागला म्हणे. कोणाचं तरी पोरगं गाडीवरून पडून गेलं, त्याच्या मायबापानं देऊन टाकली. अभीच्या अभी निघा म्हणे. मी म्हणलो, बाई, माही तर वाढून राह्यली. माह्या मागं जो कोणी असंल त्याले द्या. त्याले शिकलेली बहीण नसंल."

टाळ्या सुरू झाल्या, आणि पहिल्यापेक्षा जोरात. केवढं मोठं मन, असं कोणीतरी म्हणालं. प्राचार्यांनी तर उठून त्याचा हात हातात घेतला.

टाळ्यांच्या मधूनच गोकुळाचा आवाज आला. ती बायकांमध्ये उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कवा आला होता फोन?"

"तू धानाच्या बांधीत गेली होती, हलकं धान कापाले," इस्तारी म्हणाला.

"मंग आवाज काऊन नाई दिला? कोणाले इचारून नाई म्हटलं तुमी? कोणाले इचारून?" ती ओरडली, आणि तिथंच मटकन बसली. शेजारच्या बायकांनी तिला धरलं. टाळ्या थांबल्या.

इस्तारी गोंधळून गेला. आपलं काय चुकलं हे त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं रीताकडे पाहिलं, लहानपणी ती निकाल घेऊन आली की तो बघायचा तसं, आता ही सगळं नीट सांगेल अशा भरवशानं. "सांग वं हिले," तो म्हणाला. "कवापर्यंत होते म्हणावं?"

त्या घडीला रीताला आपली किळस आली. पुढ्यात माईक होता, गाव होतं, कॉलेज होतं. खाली उतरून, त्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगता आलं असतं. पण खोटी आशा चारचौघांत टाळ्या घेऊन गेली होती, तर खरं बोलणं कोपऱ्यात कसं चालेल? ती तिथंच बोलली, आणि पुस्तकी भाषा केव्हा गळून पडली हे तिलाही कळलं नाही.

"भाऊ, ते नाई होत."

"औंदा नाई होत?"

"औंदा नाई, पुढच्या सालीबी नाई. दहा साल लागतीन, वीस लागतीन, कोणालेच मालूम नाई. तुही किडनी कुठीच वाढून नाई राह्यली. कोणी लावलीच नाई ते. ते डाळीएवढी हाय ना, तिच्यानं रगत धुतल्या जात नाई. मले हे तवाबी मालूम होतं."

इस्तारी ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "मंग तवा काऊन नाई बोलली?"

"मले भेव वाटत होतं."

"कायचं?"

इंदुताई हळूच पुढं आल्या आणि त्यांनी रीताच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला सोसवला नाही. ती बाजूला सरली.

रागावला असता तर बरं झालं असतं. इस्तारी रागावला नाही. त्यानं खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून बोटानं नंबर वर-खाली केले आणि एक नंबर लावून फोन तिच्या पुढं केला.

"त्याच बाईचा नंबर हाय हा," तो म्हणाला. "तिले इचार, पुन्हा नाव लागते का. तुले चांगलं समजावता येते."

रीतानं फोन कानाला लावला. पलीकडून एका मुलीनं उचलला. रीतानं इस्तारीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मुलीला तो आठवत होता. हो, ते काका, म्हणाली. नाव यादीत आहे अजून. पण पुन्हा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही, वर्ष लागेल, जास्तही लागेल. मग तिनं सवयीनं, रोज कित्येकांना विचारत असेल तसं विचारलं, "नात्यात कोणी देणारं नाहीच का, मॅडम?"

"काय म्हणते?" इस्तारी विचारत होता. "भेटंल म्हणते का?"

खाली गोकुळानं मान वर केली होती.

"आहे," रीता फोनमध्ये म्हणाली. "बहीण आहे. रक्तगट जुळतो." तिचा आवाज माईकमधून अख्ख्या मंडपात गेला. "दोन वर्षांपासून जुळतो."