डाव्या हाताचे तीन ठोके

भाऊजींचा डावा हात मागे राहतोय हे वहिनीला आधी दिसलं, ऐकू आलं ते नंतर.

भाऊजी एका बँडमध्ये ड्रम वाजवत; ती त्यांची वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको. पण बँडमधले सगळेच तिला वहिनी म्हणत, आणि एकदा मीटर बघायला आलेला माणूससुद्धा वहिनी म्हणून गेला, तेव्हापासून तिने त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. स्वयंपाकघरालगतच्या अडगळीच्या खोलीत कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एका बाजूला कलणारी फिरती खुर्ची मांडून तिने संसारात दुसरा संसार थाटला होता. ड्रम पलीकडच्या खोलीत. मधल्या दारातून माइकच्या वायरी यायच्या, म्हणून ते दार कधी नीट लागत नसे, आणि रेकॉर्डिंग चालू असताना कुणी वॉशिंग मशीन लावलं तर घरात महायुद्ध पेटे.

तिचं काम कापाकापीचं. भाऊजी ड्रमवर एक छोटासा तुकडा वाजवणार. त्याला लूप म्हणायचं, कारण तोच फिरून फिरून वाजवता येतो. वहिनी तो कॉम्प्युटरवर घेऊन ठोक्याठोक्याला काप द्यायची आणि मग मागचे पुढे, पुढचे मागे लावत बसायची. शेवटचा ठोका आधी, मधलाच एखादा लागोपाठ तीनदा, एखादा चक्क उलटा फिरवलेला. मेथी निवडायला बसल्यासारखं ते काम, हात लागला की दुपार कुठे गेली ते कळत नसे. पडद्यावर प्रत्येक ठोक्याचा एक उंच काटा दिसे आणि त्यामागे वेळेच्या उभ्या रेघा. भाऊजींचे काटे बरोब्बर रेघेवर बसत. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याला तालातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तोही म्हणायचा की आमच्या धाकट्याच्या ठोक्यांवर घड्याळ लावून घ्यावं.

मग एका तुकड्यात एक काटा रेघ किंचित उलटून गेल्यावर पडला. उजवा हात झांजेवर, वेळेवर. डावा मधल्या ड्रमवर, केसभर उशिरा. वहिनीने माउसने काटा ढकलून जागेवर बसवला आणि चहा टाकायला उठली. माणूस आहे, एखाद वेळी दमतो. पण पुढच्या तुकड्यात ते दोनदा झालं आणि त्याच्या पुढच्यात दर वेळी, कधी कमी, कधी जास्त. नुसतं ढकलून भागेना. एका ड्रमच्या माइकमध्ये शेजारच्या ड्रमचा आवाज शिरलेला असतोच, त्यामुळे ठोका हलवला तरी त्याची सावली जुन्या जागी राही आणि एकाच्या जागी दोन ठोके ऐकू येत. मग तिने युक्ती काढली. डाव्या हाताचे जे मोजके ठोके नीट पडले होते तेवढे कापून घ्यायचे आणि तेच सगळीकडे पेरायचे. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांच्या आजूबाजूला बाकीचे तुकडे असे काही उलटसुलट रचायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळं मुद्दाम केलंय.

घोळ असा झाला की ते लोकांना आवडलं. नुसतं आवडलं नाही, लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्या तालावर बांधलेलं गाणं फोनांतून, जिममधून, सलूनमधून वाजायला लागलं. बँडचा गायक आणि कर्ताधर्ता, ज्याला सगळे मुकादम म्हणत कारण तो गाण्यापेक्षा माणसंच जास्त हाकायचा, तो तर हवेतच गेला. ह्या ड्रमवाल्याच्या डाव्या हाताला तोड नाही, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं. भाऊजींनी ते जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि वहिनीचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

सांगायला हवं होतं हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण भाऊजींनी बँकेतली नोकरी सोडली तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि त्यांची समजूत घातली होती ती वहिनीनेच. पोराचा हात बघा, असा हात उगीच मिळत नाही, पुढचं माझ्यावर सोडा, असं छातीठोक बोलून बसली होती. आता त्याच हाताबद्दल कोणत्या तोंडाने बोलणार? सांगायचं ठरवलं की भाऊजी खुशीत असत, नाहीतर सासूबाई समोर असत, नाहीतर नवरा दुकानातून यायची वेळ झालेली असे. वेळ मारून न्यायची म्हटलं की माणसाला कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही.

आणि भाऊजींना शंका यायचं कारणच नव्हतं. वाजवताना माणूस स्वतःला अर्धाच ऐकतो. नंतर ते जे ऐकत ते वहिनीच्या हाताखालून गेलेलं असे, आणि ते फक्कड असे. हातातून कप सुटला, तर कपच निसरडा होता. शर्टाची बटणं एकट्या उजव्या हाताने लावायला लागले, तर म्हणाले, बघ वहिनी, ही पण एक कला आहे. वहिनी हसली.

शनिवारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला. दौरे आखणारी एक बाई खास ऐकायला येणार होती. तिला पसंत पडलं तर बँडला वर्षभर गावोगावचं काम मिळणार होतं. मुकादमाने फर्मान काढलं की रेकॉर्डवर आहे तस्संच, ठोक्याला ठोका, स्टेजवर वाजलं पाहिजे. कॉम्प्युटर लावायचा नाही, माणूस वाजवतोय हे लोकांना दिसू दे. हे ऐकून वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. हाताचा दोष लपवायला जो ताल तिने एवढा अवघड केला होता, तोच आता त्या हाताला सगळ्यांसमोर वाजवायचा होता.

गुरुवारच्या तालमीला ती मुद्दाम गेली. बँडने भाड्याने घेतलेल्या गोदामात पंखा घरघरत होता आणि सगळे आपापली वाद्यं लावत होते. भाऊजींनी सुरुवात केली, चार पावलं नीट गेले, आणि डावा हात अडखळला. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा काठी हातातून निसटली आणि घरंगळत मुकादमाच्या पायाशी गेली. भाऊजींनी काठी उचलली, कपाळ पुसलं आणि हसत म्हणाले की स्वतःच वाजवलेलं स्वतःलाच जमेना, म्हणजे कमालच झाली. निघताना मुकादमाने वहिनीला बाजूला घेतलं. त्याने आवाज खाली ठेवला, पण शब्द साधे होते. ह्याचा ताल उद्यापर्यंत बसवा, नाहीतर मला दुसरा कुणी बघावा लागेल.

शुक्रवारी सकाळी घरात दोघंच होती. भाऊजी सरावाची रबरी पाटी आणि काठ्या घेऊन तिच्या खोलीत आले आणि स्टुलावर बसले. डोळे लाल होते. ते म्हणाले की गाणं तुकड्यातुकड्याने, हळू करून लाव, मी मागून वाजवत जातो. वहिनीने लावलं. हळू केलं तरी डावा हात मागे. आणखी हळू केलं तरी मागे. भाऊजी एकेक तुकडा दहादहा वेळा घोटत होते, ओठ चावत होते, आणि पाटीवरचा तो बसका आवाज वहिनीला सहन होईना.

“तू तुकडे इकडचे तिकडे केलेस एवढंच ना, वहिनी?” त्यांनी मधेच विचारलं. “हात तर माझेच आहेत?”

“हो,” ती म्हणाली. खोटं नव्हतं ते, आणि म्हणूनच तिला स्वतःची शिसारी आली. मग तिने बोलण्याऐवजी माउस धरला, गाण्याच्या आधीचं मूळ रेकॉर्डिंग शोधलं, काप न दिलेलं, एकही काटा न हलवलेलं, आणि चालू केलं.

भाऊजी पाटीवरच्या काठ्या तशाच धरून ऐकत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

“ड्रम माझाच आहे,” ते म्हणाले. “माझ्या जागेवर कुणाला बसवलंत? मुकादमाने आणला ना कुणी? खरं सांग.”

तिने नाही म्हणून मान हलवली, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ते कान देऊन ऐकत होते आणि ऐकताना त्यांच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. ह्या माणसाची आपल्याला भीती नाही, असं त्यांना वाटलं असावं. सुटल्यासारखे ते जरा मागे टेकले, आणि त्यांच्या आवाजात आता चक्क कणव होती.

“ह्याला नका घेऊ म्हणावं. उजवा ठीक आहे ह्याचा. डावा मागे पडतोय, बघ, प्रत्येक वेळी. आणि सराव नसलेला माणूस दोन्ही हातांनी चुकतो, वहिनी. हा एकाच हाताने चुकतोय. ह्याला काहीतरी झालंय. कुठे दाखवलंय का ह्याने?”

वहिनीने तोंडावर हात धरला. रेकॉर्डिंग बंद करायला हवं होतं, पण तिला सुचलं नाही. शेवटचा ठोका पडला, झांज घुमत घुमत विरली आणि माइक चालूच असल्यामुळे पुढचंही ऐकू आलं. काठ्या ठेवल्याचा आवाज, स्टूल सरकल्याचा आवाज, आणि मग भाऊजींचाच आवाज, खुशीतला. वहिनी, कसा झाला? आणि दारापलीकडून तिचा, त्याहून खुशीतला. झकास, भाऊजी. ह्याला हात लावायचीसुद्धा गरज नाही.

मग काहीच नव्हतं. पडद्यावरची रेघ सपाट पुढे सरकत राहिली.

भाऊजींनी विचारलं की हे केव्हाचं. तिने सांगितलं. त्याच्या आधीची किती आहेत, ते विचारलं. तेही सांगितलं. वर्ष होत आलं होतं.

“मग गाण्यात वाजतंय ते?”

“तुमचेच ठोके आहेत. जे नीट होते तेवढेच घेतले.”

“डाव्या हाताचे किती?”

तिला आकडा पाठ होता. “तीन,” ती म्हणाली.

भाऊजींनी डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघितलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. वहिनीच मग रडत रडत बोलत सुटली, की मला भीती वाटली, तुम्ही खचाल म्हणून, नोकरी माझ्यामुळे सुटली म्हणून, आज सुधारेल उद्या सुधारेल म्हणून, आणि लोक तर वाहवा करत होते. बोलता बोलता तिला स्वतःलाच कळलं की ह्यातलं निम्मं त्यांच्यासाठी होतं आणि निम्मं स्वतःला वाचवण्यासाठी. तेही तिने सांगून टाकलं.

“मी वर्षभर तुझ्या कानांनी ऐकत होतो,” भाऊजी म्हणाले. “मला वाटत होतं, माझेच आहेत.”

एवढं बोलून ते उठतील आणि जातील, असं तिला वाटलं. पाटी काखेत मारून, न बघता, कदाचित कायमचे. पण त्यांनी पाटी पुन्हा पुढे ओढली. दोन्ही काठ्या उचलल्या आणि एकदम खाली आणल्या, दोन्ही हात एकाच वेळी पडायला हवेत असे.

“आत्ता?” त्यांनी विचारलं.

पाटीला माइक नव्हता, त्यामुळे पडद्यावर बघायला ना काटा ना रेघ. जे काय होतं ते कानाला ऐकू आलं होतं. “डावा मागे,” ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले, खांदे सैल सोडले, आणि पुन्हा दोन्ही काठ्या टेकवल्या. “आत्ता?”

“मागे.”

तिसऱ्या वेळी त्यांनी फार वेळ घेतला. कपाळावर घाम आला. काठ्या खाली आल्या आणि ते लगेच तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा एवढा आशेने भरला होता की तिला बघवेना. ह्या वेळी फरक अगदी थोडा होता. इतका थोडा, की झकास म्हटलं असतं तर जगात कुणालाही ते खोटं ठरवता आलं नसतं. शब्द ओठावर तयार होता. वर्षभराच्या सवयीने तो आपोआप येऊन बसला होता.

“मागेच आहे, भाऊजी,” ती म्हणाली.

भाऊजींनी मान डोलावली. काठ्या पाटीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि डॉक्टर सकाळी किती वाजेपर्यंत बसतात ते तिला विचारलं.