पंखे बंद

विनुता कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि रामनवमीला राजवाड्यामागच्या मठात वीणा वाजवायची. आईच्या पश्चात ती जागा तिचीच होती. पण गल्लीत केबल आली, लग्नांत कीबोर्ड आला, आणि मठाचे कारभारी रघुपतीकाका, त्यांच्याही कानात वारं शिरलं.

"अगो, तुझी वीणा तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही," ते म्हणाले. "यंदा माईक लाव, नाहीतर कीबोर्डवाल्यांना बसवतो. स्पीकरच्या एकीच्या जागी दोन पेट्या आणल्यात. आवाज दुप्पट."

विनुताचं टाळकंच फिरलं. "काका, भिंतीकडे तोंड करून उभे राहा." तिनं कॅसेट लावली, आधी एका पेटीवर, मग दोन्हींवर. "किती वाढला?"

"वाढला थोडा," काका ओशाळून म्हणाले.

"थोडाच ना? हवेतली तीव्रता दुप्पट झाली, तरी कान काही दुप्पट म्हणत नाही. आवाज केवढा वाटतो ते कान ठरवतो, आणि भोवती गोंगाट असला की तो बिचारा काय ठरवणार? मी माईक लावणार नाही."

"मग मागच्यांना ऐकू नाही आलं, तर ही जागा गेली म्हणून समज."

"समजले."

रामनवमीला चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. मठातले पंखे घरघरत होते. विनुता मंचावरून उतरली, वीणा घेऊन माणसांच्या मधोमध बसली आणि म्हणाली, "पंखे बंद करा."

"मारतेस की काय आम्हाला?" शेषम्मामामी पदरानं वारा घेत पुटपुटल्या.

"ज्यांना उकडतंय त्यांनी खुशाल ओसरीवर बसावं. मी थांबते."

कुरकुर झाली, पण उठलं कुणी नाही. पंखे थांबले. विनुताला भीती वाटत होती. आपल्याच हट्टापायी आईची जागा जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिनं तार नेहमीच्याच जोरानं छेडली, तसूभरही जास्त नाही. गुळाच्या पन्ह्याच्या, पानकमच्या, पेल्यांचा खणखणाट थांबला. मामींचा पदर मांडीवर आला आणि तिथंच राहिला.

इतक्यात अगदी मागच्या रांगेतून काका उठले. निघाले पंख्याच्या बटणाकडे, असं वाटून तिनं त्यांच्यावर नजर रोखली आणि वाजवत राहिली. काका बटणावरून पुढं गेले. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं दार त्यांनी उघडलं आणि टिकटिकणारा लंबक हातानं धरून उभे राहिले.