रोटातली माझी मूठ

माझ्या भावाच्या कादंबरीत मी एकशे बारा पानं होते. मग पुण्याच्या एका बाईनं फोन केला आणि मी गेले.

फोन स्पीकरवर होता. माझा भाऊ हेमू झोपाळ्यावर, मी आत ओट्यापाशी मिरच्यांचे देठ खुडत बसलेली. त्या संपादक बाई गोड बोलत होत्या. "सर, ही थोरली बहीण कशाला आहे? आई आहे, मुलगा आहे, गरिबी आहे. पुरे की. बहिणीला काढून वाचून पाहा, गोष्ट कुठं अडते का?"

मी हात थांबवला. मला वाटलं, आता हा बोलेल. इकडचा माणूस आहे, भांडेल.

हेमूनं पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाला, "अं... तसं पाहिलं तर अडत नाही."

त्यांनी दोन मिनिटांत मला उरकलं. तिकडून हसू, इकडून हसू, आणि फोन बंद. तेवढ्यात मी डोळ्याला हात लावला मिरचीचा, आणि भावजय दामिनी म्हणाली, "आक्का, किती वेळा सांगितलं, हातमोजे घाला." बरं झालं, कारण मिळालं.

मी रंजना. वय अठ्ठावन्न. लोणखेड्याला भावाच्या बंगल्यात राहते. भाऊ हेमकांत, कॉलेजात मराठी शिकवतो. ही कादंबरी त्यानं तीन वर्षं लिहिली. लिहिली म्हणजे काय, रोज संध्याकाळी मोबाईल माझ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "आक्का, सांग." मी सांगायचे. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर दिवसभर देठ खुडून बोटं कशी पेटतात, रात्री ताकात हात बुडवून कशी झोपायचे, ठसक्यानं बायका एकमेकींच्या अंगावर कशा पडायच्या. त्याला यातलं काय ठाऊक? तो शाळेत होता. मी तिथं होते म्हणून तो शाळेत होता.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली, जी पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. मायलाही नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचं, धान्य मोजून घेतात. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू आणि डाळ. पाळण्यातल्या पोराचीही मूठ निघते. बाईची निघत नाही. दळायचं बाईनं, पुरण वाटायचं बाईनं, पण टोपलीत तिचं नाव नाही. आणि हे रोट आपल्या कुळातच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही.

बाप गेला त्या वर्षी घरात एकच पुरुष उरला. सहा वर्षांचा हेमू. मी तेरा वर्षांची. मायनं टोपलीत हेमूच्या नावाची सव्वा मूठ टाकली आणि ती पाणी आणायला गेली. टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. मला काय झालं कुणास ठाऊक. भूक म्हणाल तर भूकही होती, पण खरं सांगते, भुकेनं नाही केलं मी ते. मी मूठभर गहू घेतले आणि हळूच म्हटलं, "कानबाई, हे रंजीचं." आणि टाकले टोपलीत. मला एकदा मोजून घ्यायचं होतं, बस.

तिसऱ्या दिवशी हेमूला ताप भरला. अठरा दिवस उतरला नाही. डॉक्टरनं हात टेकले. माय देवासमोर डोकं आपटत होती आणि मला एकटीला माहीत होतं की हे कुणामुळे झालंय. मी कानबाईच्या रिकाम्या चौरंगापाशी जाऊन कबूल केलं, माझी मूठ परत घे, माझं सगळं घे, ह्याला ठेव. मी ह्याच्यासाठीच राहीन.

तो उठला. मी सातवीतून शाळा सोडली आणि पथारीवर गेले. पुढं खांडबाऱ्याचं स्थळ आलं, रेल्वेत नोकरीला होता, दिसायलाही बरा. हेमूची बारावी होती, मी नाही म्हटलं. मायला वाटलं पोरगी डोक्यावर पडलीय. तिला काय सांगणार होते?

हे ऐकलं तेव्हा हेमू रडला होता. खरंच रडला, खोटं कशाला बोलू. माझे हात हातात घेऊन म्हणाला, "आक्का, मन्ही कादंबरीना जीव याच्यामा शे." तेव्हा अहिराणीत बोलला होता. हल्ली घरात तो कॉलेजची मराठी बोलतो, आणि काही लपवायचं असलं की अगदी पुस्तकासारखी.

फोन झाला त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हेमू, मी नही ऱ्हायनू ते खरंच अडत नही का रे?"

"आक्का, गैरसमज करून घेऊ नकोस. कादंबरीचं एक शास्त्र असतं. दुय्यम पात्र आवश्यक असेल तरच ठेवतात. ते आयुष्यात कितीही मोठं असो."

दुय्यम. चांगला शब्द शोधला पठ्ठ्यानं.

मी भांडले नाही. म्हटलं, "बाकी सम्दं काढी टाक. मन्ही मूठ ऱ्हाऊ दे."

"मूठ राहील," तो म्हणाला. "शब्द देतो."

पुस्तक आषाढात आलं. शहाद्याला हॉलमध्ये कार्यक्रम झाला, मला पहिल्या रांगेत बसवलं, नवी साडी होती. पाहुणे आईच्या त्यागावर बोलले. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी चष्मा लावून बसले आणि एकेक पान वाचलं. सातवीपर्यंत शिकलेय मी, वाचता येतं मला. पथारीवर माय बसली होती. ताकात हात मायचे होते. जन्मात मिरचीच्या पथारीवर न गेलेली माझी माय! तिला दम्याचा त्रास, ती पथारीच्या रस्त्यानंसुद्धा जायची नाही.

आणि मूठ होती. शब्द पाळला भावानं. एकशे चाळीसाव्या पानावर मायनं टोपलीत आपल्या नावाची चोरटी मूठ टाकली होती.

माझ्या डोक्यात सणक गेली. अरे, मास्तरा! कोणती माय असं करेल? माय पोराच्या मुठीतच आपलं पोट धरते, तिला वेगळी मूठ सुचतच नाही. ती सुचते फक्त पोरीला. जिला उद्या परक्या कुळात जायचंय आणि आजही इथं कुणी मोजत नाही, तिला. एवढं त्या पुण्याच्या बाईला कळलं नाही ते ठीक आहे. पण ह्यानं जन्मभर रोट खाल्लेत.

तरी मी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. म्हटलं, पुस्तक आहे, कोण वाचतंय.

कानबाईला आम्ही दरवर्षी मूळ गावी जातो. भाऊबंद जमतात. चुलती बेबीबाई सगळ्यात थोरली, धान्य काढायचा मान तिचा. यंदा तिनं हेमूच्या नावानं मूठ भरली, टोपलीवर धरली आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "दखा बाई, हाई मूठ सांभाळीसन टाका. याना मायनी देवना रोटमा चोरी करी व्हती. म्हनीसन पोऱ्याले ताप उना व्हता."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "अन् आम्हले दरसाल सोवळं शिकाडे!"

मेलेल्या माणसाला काय उत्तर देता येतं? माझी माय कानबाईच्या आधी तीन दिवस उपास धरायची. रोटाचा एक कण सांडला तर जिभेनं टिपायची. तिच्या नावावर ही घाण! मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मायनी नही करं. ते मी करं."

बेबीबाईनं मला वरून खाली पाहिलं.

"तू? तू त्यामा कोठे शे? मन्ही नातनी सम्दं वाची दखाडं. तू त्यामा कोठेच नही."

"तरी मीच करं."

"मंग भाऊनी खोटं लिखं का? इतला शिकेल भाऊ तुन्हा."

हेमू दारात उभा होता, पुरुषांच्या घोळक्यात, हातात चहा. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य लागत होतं फक्त. "आक्का खरं सांगतेय." तीन शब्द. ह्या माणसानं तीनशे पानं लिहिली होती.

त्यानं कप खाली ठेवला. जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बायकांना म्हणाला, "आक्काचं आता वय झालंय. आईचं दुःख ती स्वतःचं समजते. तिला नीट आठवत नाही."

किती स्वच्छ मराठी बोलला! एक शब्द कुठं अडखळला नाही.

बेबीबाईनं मूठ टोपलीत सोडली. मी जात्यापाशी जाऊन बसले आणि दळायला लागले. दुसरं काय करणार होते? रोट झाले, गंगाफळाची, लाल भोपळ्याची, भाजी झाली, सकाळी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली. मी रोट खाल्ला नाही. कुणी विचारलंही नाही.

परत लोणखेड्याला आलो. आता म्हणाल, घर सोडायचं. कुठं जायचं? खांडबाऱ्याचा तो रेल्वेवाला नातवंडांना खेळवत असेल. मी इथंच आहे. भाकरी करते, देठ खुडते, हातमोजे घालत नाही.

भाद्रपदात एका संध्याकाळी हेमू माझ्यासमोर येऊन बसला. केळीच्या शेतातून वारा येत होता. त्यानं मोबाईल मध्ये ठेवला, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लावला. पुस्तक खपतंय, पुण्याच्या बाईंना दुसरा भाग हवाय. आणि मग, किती दिवसांनी, अहिराणीत म्हणाला, "आक्का, सांग ना काही. तुन्हाशिवाय माले लिखता येत नही."

मेल्या, आता सुचली होय भाषा.

मी म्हटलं, सांगते. आज मी माझी गोष्ट सांगते, आणि तुझंच शास्त्र लावते तिला. पाहू तरी.

"एक पोर व्हती," मी म्हटलं. "तिले भाऊ नव्हता."

त्याचा चेहरा उतरला. पण मोबाईल बंद केला नाही. माझ्या पोटात गार वाटलं, काय सांगू! मी सुसाट निघाले. पोर सातवी पास झाली. आठवीत गेली. बाप गेला, तरी शाळेत गेली, कारण तिला अडवायला कुणी नव्हतं. बोटं पेटली नाहीत. ताप कुणाला आला नाही. मॅट्रिक झाली. खांडबाऱ्याचं स्थळ आलं तेव्हा मान खाली घालून हसली. बाप रे, किती सोपी होती माझी गोष्ट!

मग मी म्हटलं, "बाप गया त्या साले श्रावण उना. कानबाई उनी. मायनी टोपली काढी..."

आणि थांबले.

कुणाच्या नावानं काढली? घरात पुरुष नाही. मूठ नाही. टोपलीत गहू नाही, दळण नाही, रोटच नाही. मी माझी मूठ टाकू तरी कशात? दोघी मायलेकी रिकाम्या टोपलीच्या दोन बाजूंना बसलेल्या मला दिसत होत्या, आणि पुढं काही केल्या दिसेना. मला त्याला परत आणायचं नव्हतं. जीभ चावून बसले. पण देवीच्या दिवशी त्याच्या नावाशिवाय त्या घरात चूलसुद्धा पेटत नव्हती.

मोबाईलवर आकडे पुढं सरकत होते. हेमू वाट पाहत होता.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "अडनं का?"

मी लुगड्याला हात पुसले.

"हां," म्हटलं. "अडनं."