गणपत ऐवळे यांची कपात

ऑक्टोबरचा पगार जमा झाला त्या दुपारी हर्षला ऐवळेच्या खोलीत तिच्या वडिलांचे पाय आले. गुडघ्यापर्यंतच. पायांत ती जुनी तपकिरी सँडल होती, डाव्या पट्ट्याला पिन लावलेली. वडील वारून अकरा वर्षं झाली होती आणि सँडल आईने तेव्हाच कुणालातरी देऊन टाकली होती. पाय दारात जरा घुटमळले, पायपुसण्यावर नीट घासले गेले आणि हीटरपाशी जाऊन शेजारी शेजारी उभे राहिले.

हर्षला सकाळच्या ड्यूटीवरून नुकतीच आली होती. तिने मिरजेला फोन लावला.

"आई, आण्णा आलेत."

"किती?"

"गुडघ्यापर्यंत."

"गार असंल तिकडं. मोजं घाल त्यास्नी," आई म्हणाली, आणि फोन मनवाकडे दिला.

मनवा म्हणजे हर्षलाची मुलगी, आठ वर्षांची. नवरा कधीच कागदोपत्री सुटला होता, त्यामुळे हर्षला जर्मनीत नर्स म्हणून निघाली तेव्हा मनवा आजीकडे राहिली, आई बोलावेल तेव्हा जायचं या बोलीवर. त्या दिवशी तिने फोनवर एवढंच विचारलं, "मी कुठं उभी राहू? हात कधी दाखवू?" गाडी थांबवायची असेल तर हात दाखवायचा, हे तिला आजीने शिकवलं होतं. विमानालाही तोच नियम असणार असं ती धरून चालली होती.

फोन ठेवून हर्षलाने पगाराची चिठ्ठी वाचायला घेतली. करारावर तीन हजार दोनशे युरो लिहिले होते. मिरजेत तिने त्याला रुपयांनी गुणून पाहिलं होतं, दोनदा, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. हातात पडले ते मात्र फारच कमी. चिठ्ठीवर दोन रकाने होते. डावीकडच्यावर तिचं नाव आणि खाली पाच ओळी: आयकर, आरोग्य विमा, पेन्शन, शुश्रूषा विमा, बेकारी विमा. उजवीकडच्यावर नाव होतं गणपत, आणि खाली एकच ओळ, आयकराची. पायांचा उलगडा झाला.

चूक तिचीच होती. आपल्याकडे माणूस नाव सांगतो तेव्हा बापाला सोबत घेऊनच सांगतो. शाळेच्या पटावर, रेशनकार्डावर, नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर ती हर्षला गणपत ऐवळे होती. इथल्या फॉर्मवर तिच्या नावापुढची चौकट रिकामी दिसली आणि हाताने सवयीने गणपत लिहून टाकलं. ती चौकट घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाची होती. तेव्हापासून गणपत ऐवळे जर्मनीत कमवत होते, आणि कमावत्या माणसाला कपात चुकत नाही.

हे दुरुस्त करायला हवं होतं, तेही लवकर. मनवाच्या व्हिसाच्या फाइलीला हातात पडणारी रक्कम एका आकड्याच्या वर लागत होती. तशी चिठ्ठी अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत दाखवायची, नाहीतर फाइल बंद आणि दीड वर्षाने पुन्हा श्रीगणेशा. हर्षलाने कर कचेरीची वेळ मागितली. जानेवारीतली मिळाली. तिनेही फार आरडाओरडा केला नाही. खरं सांगायचं तर संध्याकाळी कुलूप काढताना आत कुणीतरी उभं आहे, ही गोष्ट तिला आवडायला लागली होती, मग ते गुडघ्यापर्यंतच का असेना.

नोव्हेंबरात उजव्या रकान्यात आरोग्य विमा लागला आणि धड आलं. खाकी सदरा, छातीवर बिल्ला. आण्णा एस.टी.त कंडक्टर होते, मिरज डेपोचे, सत्तावीस वर्षं. धडासोबत जुना खोकलाही आला. आठवडाभर तो खोलीभर वाजत होता, मग हळूहळू थांबला. हर्षलाने मोठ्या पाठीची खुर्ची विकत आणली.

डिसेंबरात पेन्शनची ओळ लागली आणि डोकं आलं. आण्णा गेले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते, केस काळेभोर. पेन्शन बघायला काही ते उरले नाहीत. आता आलेल्या डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र होते. हर्षला बघतच राहिली. ते केस पाहून तिला रडू आलं आणि ती तशीच उभी राहून रडली.

आण्णांनी डोळे उघडले. "सुट्टं हाईत का?" ते म्हणाले.

"आण्णा, मी हर्षला."

"वळिकलं की. सवय हाय ती. काय वाचतीयास?"

तिने चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. आण्णांनी ती वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण तिकिटं वाचता येत होती.

"एका पगारावर पाच तिकिटं फाडली की गं ह्यांनी."

"लुटतात नुसते. बारा बारा तास उभी असते मी."

"लुटत्यात का न्हाई ते गाडीत कोण बसलंय ते बघून सांगावं. उद्या बघून ये."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात हर्षलाने बघितलं. खिडकीशेजारच्या पलंगावर टीडेमान नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. रोज सकाळी त्यांना चालवायला माणूस येई. घरी गेल्यावर आंघोळ घालायला बाई येणार होती. त्यांनी आयुष्यभर काच कापायचं काम केलं होतं आणि त्याची पाच तिकिटं दर महिन्याला फाडली होती. हर्षलाने त्यांची उशी सारखी केली तेव्हा उशीखाली एक पट्टी दिसली. तिच्यावर छापलं होतं: ह. ऐवळे, ऑक्टोबर, शुश्रूषा. तिने ती पुन्हा होती तशी ठेवली.

"बघितलं," ती घरी येऊन म्हणाली. "पण माझं जास्तच कापतात. तुमचंही माझ्यातनंच कापतात."

"मग मागं लिवलं आसंल. उलटून बघ."

एस.टी.त सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि प्रवासी उतरताना ती मागून घेतो. आण्णांच्या हातून बाकी कधी बुडाली नव्हती. जतच्या गाडीत एक बाई सव्वातीन रुपये विसरून उतरली, तेव्हा ती पुन्हा भेटेपर्यंत त्यांनी आठ दिवस ड्यूटी बदलू दिली नव्हती. डेपोत त्यावरून त्यांची भरपूर टिंगल झाली.

हर्षलाने चिठ्ठी उलटली. "कोरी आहे."

"म्हंजे लिवून घ्यायचं ऱ्हायलंय. ते आपुन मागायचं आस्तंय. मी दिलं आस्तं लिवून, पर हात कुठाय?"

चिठ्ठीवरचा आकडा महिन्यागणिक घटत होता, तशी खोलीही आवळत चालली होती. डिसेंबरअखेर टेबल भिंतीत गेलं. मग कपाट गेलं. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकत. आण्णांना ते उलट बरं वाटत होतं. गाडीच्या मधल्या वाटेत उभं राहायची सवय, दोन्हीकडे टेकायला मिळालं की त्यांना झोप छान लागे. हर्षला रोज त्यांना भात भरवत होती. शुश्रूषेची ओळ लागून जानेवारीत डावा हात आला, पण त्या हाताने जेवायला ते तयार नव्हते.

कर कचेरीत दोघं गेली. टेबलामागे फ्राऊ ब्रेम नावाच्या बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी पाहिली, आण्णांना पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक दुरुस्त होते. जास्त घेतलेलं परतही मिळतं, अर्ज करणाऱ्याला. पण हे नाहीत असं यांनी स्वतः लिहून द्यायला हवं."

"त्यांना अजून उजवा हात आलेला नाही."

"मग आल्यावर या."

"डाव्या हाताने चालेल का?"

"नाही."

फेब्रुवारीचा पगार सत्तावीसला होता. उजवा रकाना भरायला आता एकच ओळ उरली होती, बेकारी विम्याची. त्या महिनाभरात खोली इतकी अरुंद झाली की हर्षलाला तिरकं होऊन आत शिरावं लागे. मनवाचा फोन आला की ती उभ्यानेच बोलत असे.

"आज उभी राहू का?" मनवा विचारायची.

"अजून नको."

सत्तावीसच्या दुपारी उजवा हात आला. काखेत कातडी पिशवी होती. हाताने आधी केसांवरून कंगवा फिरवला, मग कानामागची पेन्सिल चाचपली, मग सवयीने वर छताकडे गेला आणि घंटीची दोरी शोधू लागला. दोरी नव्हती. आण्णा खाली बसले, ताट पुढे ओढलं आणि आपल्या हाताने जेवले. कालवलेल्या भाताचा एक घास त्यांनी तिच्यापुढे धरला.

"आण्णा, उद्या सही केलीत की तुम्ही जाल."

"जाईन की."

"मला नकोय तुम्ही जायला."

"मग मनवाला काय स्टँडावर उभी ठिवणार हाईस?" आण्णा म्हणाले. घास अजून तसाच धरलेला होता. तिने तो खाल्ला.

अठ्ठावीसला सकाळी आठ वाजता फ्राऊ ब्रेमनी कोरा कागद पुढे सरकवला. आण्णांनी गोल, नीट अक्षरात मराठीत लिहिलं: मी, गणपत रामू ऐवळे, आता नाही. माझ्या नावे काही कापू नये. पोरीचे जास्त घेतलेले परत द्यावे. खाली सही केली. फ्राऊ ब्रेमनी ते वाचून मान डोलावली आणि शिक्का उचलला.

"थांबा जरा," आण्णा म्हणाले. त्यांनी हर्षलाच्या हातातली चिठ्ठी घेतली, उलटी केली आणि पेन्सिलीने मागे एक आकडा लिहून त्याला गोल केला. पाच महिन्यांत जास्त घेतल्याची बाकी होती, दोन्ही रकान्यांची; ती धरली की मनवाच्या फाइलीचा आकडा गाठला जात होता. "उतरताना मागून घे. लाजायचं न्हाई. आपलंच आस्तंय."

शिक्का बसला. सँडल रिकामी झाली आणि मग तीही राहिली नाही. खाकी सदरा खुर्चीत बसत बसत चपटा झाला. पांढरे केस शेवटपर्यंत तिच्याकडे वळलेले होते. राहता राहिला उजवा हात. खिडकीच्या वरच्या झडपेला एक दोरी लोंबत होती. हाताला ती सापडली. त्याने ती दोनदा ओढली.

डबल बेल झाली आणि कचेरी हलली.

"धरून बसा," मान वर न करता फ्राऊ ब्रेम म्हणाल्या आणि त्यांनी पुढची फाइल उघडली.

हर्षलाने वर पाहिलं तेव्हा दोरी नुसतीच हलत होती. खिडकीतून हॉस्पिटल मागे गेलं, त्याच्या फाटकात टीडेमान काठी टेकत एकेक पाऊल टाकत होते. मग बर्फाची शेतं गेली, मग उसाची आली. रस्त्याला खड्डे लागले आणि शिक्क्यांचा डबा टेबलावर उड्या मारू लागला. पुढे वळणावर, मिरजेच्या स्टँडाअलीकडच्या नाक्यावर, तेल लावून वेण्या घातलेली एक मुलगी पिशवी पायाशी ठेवून उभी होती. तिच्यामागे पदर डोक्यावर घेतलेली आजी. मुलीने एक हात सरळ रस्त्यावर काढला होता आणि तो ती खाली घेत नव्हती.

कचेरीचा वेग कमी होत नव्हता. हर्षला चिठ्ठी मुठीत घट्ट धरून आण्णांच्या खुर्चीवर चढली आणि तिने दोरी एकदाच ओढली.