बिद्रीच्या चालीचा बेस

पृथ्वीराजनं ट्रॉली आणली आणि केरबानं ओळखलं, आता आपली पाळी. ट्रॉली म्हणजे चार चाकांचा गाडा, त्यावर पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर आणि मधोमध एक कीबोर्ड. शिवाजी पेठेतल्या त्या बँडचा पृथ्वीराज हा तरुण मालक. त्याचे वडील आण्णा होते तोवर बँडात चोवीस माणसं होती, आता चौदा उरली होती. ट्रॉली आल्यावर त्यातल्याही कुणाकुणाला नारळ मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कीबोर्डचं एक बटण दाबलं की बेस, म्हणजे चालीखालचा जाड सूर, आपोआप धूम धूम वाजायचा. मग पितळेचा तो अवजड बाजा खांद्यावर घेऊन चाळीस वर्षं शेवटच्या ओळीत चालणारा केरबा कशाला हवा?

केरबाची मुलगी दीक्षा राजारामपुरीत पोरांना कीबोर्ड आणि पाश्चात्य संगीताचं शास्त्र शिकवायची. तिला हे कळलं तेव्हा तिचं डोकं फिरलं. आधीच तिला एक गोष्ट कायम खुपायची. तिचे आबा आपल्या निम्म्या वयाच्या पोराला 'मालक' म्हणायचे आणि मालक मात्र 'काय तात्या' म्हणून पाठीवर थाप मारायचा. ती तडक बँडच्या खोलीवर गेली.

"पृथ्वीराज, बेस काढलास तर वरची चाल अधांतरी लोंबकळंल."

"ताई, लोकास्नी त्यातलं काय कळतंय? नाचाय ठेका पायजे, बास." पृथ्वीराज हसला. तसा तो वाईट माणूस नव्हता, आणि हीच खरी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं.

"म्होरल्या महिन्यात जिल्ह्याची बँड स्पर्धा हाय. चाल मी बांधून देते. पैला नंबर आला तर आबांचा बेस ऱ्हाईल?"

पृथ्वीराजनं कान खाजवला. आण्णांच्या काळातही बँडला कधी नंबर आला नव्हता. "आला नंबर, तर तात्या हाईत तवर बेस हाय. शब्द देतो."

चाल तिनं बिद्रीची घेतली. फार वर्षांपूर्वी बिद्री गावातल्या एका लग्नात आण्णांनी ती पहिल्यांदा वाजवली होती, म्हणून बँडवाले तिला बिद्रीची चाल म्हणत. दीक्षा पाळण्यात असल्यापासून ती ऐकत आली होती, आणि तीही खालून, आबांच्या बेसच्या बाजूनं. बाकीच्या पोरांना चाल पाठ असते, हिला बेस पाठ होता.

त्या पाठ असण्यानंच तिचा एकदा घात केला होता. कॉलेजात असताना ती परदेशी बोर्डाच्या परीक्षेची तयारी करत होती. सरावासाठी दिलेल्या एका चालीखाली बेस लिहायचा होता. तिनं आबांच्या पद्धतीनं लिहिला आणि वही पुण्याच्या सरांकडे पाठवली. वही परत आली ती लाल रेघांनी भरून. वरची चाल आणि खालचा बेस ही दोन स्वतंत्र माणसं आहेत, सरांनी लिहिलं होतं. एक वर चढला तर दुसऱ्यानं शक्यतो खाली उतरावं, नाहीतर जागच्या जागी थांबावं. दोघं एकच सूर धरून एकाच दिशेला चालू लागले तर ते दोन राहत नाहीत, एकाची नुसती सावली उरते. शेवटी एक ओळ होती : 'हे लग्नाच्या बँडमध्ये चालते, येथे नाही.' ती ओळ तिनं आबांना कधी दाखवली नाही. पण ती रेघ तिच्या मनातून पुसली गेली नाही, आणि खरं सांगायचं तर तिला सरांचा राग नाही, आबांची लाज वाटली होती.

आता तिनं पंधरा दिवस खपून बेस नव्यानं लिहिला. आबांच्या बेसमध्ये एक जागा होती. अंतऱ्याच्या शेवटी चाल वाजवणारा कॉर्नेट वर चढायचा, तेव्हा बेसही त्याच सुरांनी त्याच्या मागोमाग चढायचा. सरांची लाल रेघ नेमकी अशाच जागेवर होती. तिथं तिनं बेस खाली उतरवला. कॉर्नेट वर, बेस खाली, दोघांमध्ये अंतर वाढत जातं आणि शेवटच्या सुराला दोघं परत भेटतात. लिहून झाल्यावर तिनं ते कीबोर्डवर वाजवलं आणि लगेच परत वाजवलं. एकदा तरी माणसं शेवटच्या ओळीकडे मान वळवून बघतील, असं तिला वाटलं.

या बँडची एक रीत होती. प्रत्येकाच्या बाजाला पुढं एक चिमटा आणि त्या चिमट्यात स्वरलिपीचा कागद. आण्णांनी ती पाडली होती. कागद बघून वाजवणारा बँड म्हटलं की गिऱ्हाईक वचकून असायचं. दीक्षा सात वर्षांची असताना आबांच्या बाजावरचा तो कागद बघूनच तिला हे शिकायचं वेड लागलं होतं. तिनं सगळ्यांचे कागद स्वच्छ लिहून काढले, दोन्ही बाजूंनी, आणि चिमट्यांत अडकवले.

लगीनसराईमुळे तालमी तीनच झाल्या. पहिल्या दोन्हीला केरबा ओठ सुजल्याचं सांगून बसून राहिला. एकदा मात्र म्हणाला, "दीक्षे, माझं तेवढं एकदा वाजवून दाखव की."

"आबा, कागदावर हाय की समदं. ह्यास्नी बघू द्या आधी." ती कॉर्नेटवाल्या ऋतुराजच्या मागं लागली होती.

तिसऱ्या तालमीत केरबानं बाजा उचलला. अंतरा संपत आला, कॉर्नेट चढला आणि आबांचा बेसही जुन्या सवयीनं त्याच्या मागोमाग चढला. दीक्षानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आबा, चुकताय. कागदात बघा जरा."

तेरा माणसं केरबाकडे बघत होती. त्यातल्या निम्म्यांना त्यानंच वाजवायला शिकवलं होतं. तो "व्हय, व्हय" म्हणाला आणि कागदाकडे बघू लागला. पुढं तो इतका हळू वाजवत राहिला की काही ऐकूच येईना. दीक्षाला वाटलं, बघून बघून वाजवतायत, बसंल हळूहळू.

स्पर्धा सकाळी अकराला सुरू झाली. दीक्षा सगळ्यांपुढं हात हलवायला उभी होती, केरबा शेवटच्या ओळीत आणि त्याच्या मागं पडद्याआड पृथ्वीराज. चाल सुरू झाली आणि चौथ्या ठोक्यालाच तिला खालची पोकळी कळली. तिनं आबांकडे बघितलं. गाल फुगलेले होते, बोटं कळांवर नाचत होती, कपाळावर घाम होता. आणि बाजातून काही म्हणजे काही येत नव्हतं. निम्म्यावर एक विसावा होता, तिथं सगळ्यांनी कागद उलटला. आबांनी उलटला नाही. अंतऱ्याच्या शेवटी कॉर्नेट एकटाच चढत गेला आणि त्याच्याखाली काही नव्हतं. ती हात हलवत राहिली.

पहिला नंबर त्यांचाच आला.

परीक्षक लष्करातले निवृत्त बँडमास्तर होते. सगळ्या बँडांनी स्वरलिपीच्या प्रती त्यांच्याकडे आधीच द्यायच्या होत्या. ते समोरच्या कागदांवर बोट फिरवत म्हणाले, "विशेष कौतुक करायचं ते बेसचं. चाल वर जाताना बेस खाली उतरतो, ही जाण आपल्याकडे दुर्मिळ आहे." टाळ्या पडल्या. केरबाला पुढं बोलावून शाल घातली. त्यानं वाकून नमस्कार केला. सभागृहातल्या एकाही माणसाला संशय आला नाही.

घरी जाताना दोघं चालतच निघाली. ऊन मी म्हणत होतं, तरी शाल केरबाच्या अंगावर तशीच होती.

"आबा, वाजीवला का न्हाय?"

केरबानं शालीच्या टोकानं घाम पुसला. मग म्हणाला, "त्यो कागुद मला वाचाय कुठं येतोय, बाई? आण्णांनी लावाय सांगिटला, म्हणून लावतोय. चाळीस वर्सं कानानंच वाजीवलं."

"मग सांगायचं न्हाई?"

"तुला वाटायचं माझा बा वाचतोय. त्येच बघून शिकलीस तू. कसं सांगू?" त्यानं शाल सारखी केली. "तुझं मला वाचाय येत न्हाय, आन् माझं तुला चाललं न्हाय. मग काय वाजवू? म्हटलं, निदान तुझं बिघडाय नगो."

दीक्षाला तोंड वर करवेना. एकदा, फक्त एकदा वाजवून दाखवलं असतं तर आबा ते जन्मभर विसरले नसते. दोन मिनिटांचं काम होतं.

"पर आबा, तुम्ही त्या जागंला चालीसंगं वर का जाता?" तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"रस्त्यावर मागच्या ढोलवाल्यास्नी कॉर्नेट ऐकू येत न्हाय, बाई. माझ्यावर चालत्यात ती. तिथं मी खाली उतरलो की तेंचा ठेका सुटतोय."

दुसऱ्या दिवशी ती पृथ्वीराजकडे गेली. बक्षिसाची ढाल त्यानं ट्रॉलीवरच ठेवली होती.

"ताई, मी तात्यांच्या मागंच हुतो," तो आपणहून म्हणाला. त्याला बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. "बाजातनं वारा सुदिक आला न्हाई. मी शब्द फिरवत न्हाय. नंबर आला तर बेस ऱ्हाईल म्हणालो हुतो. पर नंबर बेसबिगरच आला की. आता तुम्हीच सांगा, म्या काय करू?"

चाल अधांतरी लोंबकळंल, असं तीच म्हणाली होती. पहिला नंबर आला होता.

महिन्याभरानं गल्लीतून एक वरात गेली. पुढं कॉर्नेट आणि मागं ट्रॉली. बिद्रीची चाल चालली होती. दीक्षाचे कागद खोलीवरच राहिले होते, त्यांवरून ऋतुराजनं बेस कीबोर्डात भरून घेतला होता. अंतरा संपत आला, कॉर्नेट चढला आणि स्पीकरमधला बेस एकेक सूर खाली उतरत गेला, अगदी तिनं लिहिला होता तसा. मागच्या ढोलवाल्यांचा ठेका तिथं सुटला, दोनचार पावलं चुकली आणि नाचणारी पोरं हसली.

केरबा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. वरात वळणापलीकडे गेल्यावर त्यानं दीक्षाकडे बघितलं.

"बराबर वाजतंय की, बाई," तो म्हणाला. "एक बी चूक न्हाय."